फ्रेमबाहेर काढलेल्या काट्या

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. सुलभाताईंजवळ काढायला हवी होती, तर त्या गेल्या. आता तुम्ही समोर आहात, तुम्हीच ऐका. तसा मी अबोल नाही — प्रताप नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडली की माझं अर्धा तास भाषण असतं. पण या एका गोष्टीपाशी आलो की गाडी अडते.

माझ्या हॉलमध्ये एक फोटो आहे. येणारा प्रत्येक जण — येतात कितीसे, पेपरवाला, गॅसवाला, कधी शेजारचे काका — त्यासमोर थांबतो. पुढे खडकावर माकडशिंगी फुललेली. पान नाही, नुसत्या बोटासारख्या मांसल हिरव्या कांड्या, आणि टोकाटोकाला जांभळट फुलं, आतून पिवळ्या रेघांची. मागे सातपुड्याची निळी रांग. ‘हे आपल्याकडचं?’ असं विचारतात. आपल्याकडचंच, नागपूरहून दोन तासांवर, एवढं सांगतो आणि चहा ठेवायला आत जातो. चहा नको म्हणाले तरी जातो.

सुलभाताई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर हुडकेश्वरला भावाकडे राहायच्या. मीही नोकरीतून सुटून कॅमेरा घेतला होता आणि दिसेल त्याचे फोटो काढत सुटलो होतो; झाडाकडे बघायचं कसं, ते त्यांनी शिकवलं. लग्न मी केलं नाही. मित्र बदल्यांमध्ये कुठे कुठे सांडले. माझ्या आठवड्यात दिवस म्हणावा असा एकच होता — रविवार. माझी जुनी गाडी, त्यांचा पोळीभाजीचा डबा, आणि कुठलीतरी टेकडी.

ही माकडशिंगी त्यांची होती. अकरा पावसाळे त्या तिची फुलं मोजत होत्या, वहीत लिहून ठेवत होत्या. शेळ्या ती आवडीने खातात, म्हणून त्या टेकडीवरची बाकी सगळी संपली होती. ही टिकली ती रामाजींमुळे. रामाजी तिथे शेळ्या चारायचे. ताईंनी एकदा शब्द टाकला, तेव्हापासून दर पावसाळ्यात ते बोरीच्या काट्या तोडून आणायचे आणि त्या खडकाभोवती दाट रचायचे. ‘बाईचं झाड’ म्हणायचे तिला.

आता बघा — अजूनही मी आजूबाजूलाच फिरतोय.

त्या रविवारी ताईंचा गुडघा सुजला होता, म्हणून एकटाच गेलो. रामाजी शेळ्या घेऊन पलीकडच्या उतारावर होते. एवढी फुलं मी कधी पाहिली नव्हती. पोटावर झोपलो, कॅमेरा जमिनीला टेकवला, मागे डोंगर घेतला — आणि बरोबर डोंगरावर काट्या. उजवीकडे सरकलो, काट्या. डावीकडे, तरी काट्या. तुम्ही काय केलं असतं? — नाही, तुम्हाला कशाला मध्ये ओढू. मी त्या काढल्या. रुमालात धरून, एकेक करून, उतारावरून खाली ढकलून दिल्या.

फोटो मिळाला. मग त्या परत लावायच्या होत्या. विसरलो असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! मी विसरलो नव्हतो. डोंगरावर थोडा ढग होता, पुढच्या रविवारी लख्ख ऊन पडलं तर पुन्हा काढायचा होता. मग खाली उतरून त्या वर आणा, आठ दिवसांनी पुन्हा काढा — हात कोण ओरबाडून घेणार? आठवड्याने काय होतंय, म्हटलं. आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी ताई बरोबर होत्या. खडकावर कुरतडलेले बुडखे उरले होते, बाजूला लेंड्या. ताई मटकन खाली बसल्या. मग त्यांनी रामाजींना हाक मारली. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“तुमच्या भरवशावर होते मी, रामाजी. यंदा काट्या लावल्याच नाहीत तुम्ही!”

“लावल्या होत्या ना बाई. मायाच हातानं लावल्या. काहून खोटं बोलू?”

“मग गेल्या कुठे?”

रामाजी चारी बाजूंना बघत राहिले. मी लेन्स पुसत होतो. ती स्वच्छच होती.

ताई त्या टेकडीवर पुन्हा आल्या नाहीत. हळूहळू कुठेच येईनाशा झाल्या. फोन केला की गुडघ्याचं सांगायच्या. खरं सांगितलं तर माझे रविवार जातील, या भीतीने मी गप्प बसलो होतो — आणि रविवार गेलेच. तो फोटो मोठा करून मी त्यांना दिला. त्यांनी पलंगासमोर लावला. तुम्ही होतात म्हणून एवढं तरी राहिलं, म्हणाल्या. मी म्हणालो, अहो, त्यात काय.

अहो, त्यात काय! असं म्हणालो मी.

त्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्या भावाने फोटो मला परत आणून दिला. भिंतीवर आहे तो हाच.

यंदा पावसाळा सरताना धीर करून त्या टेकडीखालच्या गावात गेलो. रामाजी घरापुढे बाजेवर बसले होते, शेळ्या आता नाहीत. मला त्यांनी ओळखलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं. बाई कशा आहेत, विचारलं. मी सांगितलं. 

“बाई मायावर राग धरून गेली, भाऊ,” ते म्हणाले. “तवा मी लय भांडलो, लावल्या म्हनून. पन आता मलेच वाटते, नसनच लावल्या. विसरून गेलो असन मी. बाई कायले खोटं बोलन?”

काट्या मी काढल्या. तीनच शब्द होते. जवळ दुसरं कुणी नव्हतं, सून आत गेली होती, आणि ते माझ्याचकडे बघत होते.

“होतं असं कधी कधी,” मी म्हणालो. पाणी प्यालो, गिलास बाजेखाली ठेवला आणि गाडीकडे निघालो.