नंतर काढलेली कच्ची चित्रं

जेवणाच्या टेबलावर माझी लेक मीरा पूर्ण झालेलं कपाचं चित्र समोर ठेवून त्याचीच कच्ची चित्रं काढत बसली होती. मी थबकलो. पक्कं आधी आणि कच्चं नंतर?

"आमच्या डिझाइन कॉलेजात सगळे असंच करतात, बाबा. प्रोसेसला वीस मार्क आहेत. एका मापाच्या कागदावर दहा रफ स्केचेस लागतात."

"आणि महिनाभर काढत होतीस ती?"

"ती जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे काढलीत. सर घेत नाहीत."

मी पत्रिका गोळा करून मोजल्या. तेवीस निघाल्या. सांधेदुखीमुळे माझ्या आईची बोटं वळत नाहीत, तिच्यासाठी हा कप. पहिल्या आठ चित्रांत कपाचा कान नेहमीसारखाच आहे. नवव्यात तो रुंद होतो, चौदाव्यात खाली सरकतो. पोरीला हे आधी ठाऊक नव्हतं, काढता काढताच सुचलं. खरा विचार झाला तो या पत्रिकांवर, आणि कागदाचं माप चुकलं म्हणून तो बाद! विचार केल्याचं सोंग मापात बसलं, तर त्याला वीसपैकी वीस! "याला शिकवणं म्हणायचं?" मी म्हटलं.

"चिडू नका हो. ते खोडरबर द्या इकडे, उद्या सबमिशन आहे."

सोळाव्या पत्रिकेवर, चित्राच्या कडेला तिनं लिहिलं होतं, 'आजीला धरून बघायला सांगायचं.'

टेबलावरच्या नव्या कागदांवर मी ते वाक्य शोधलं. एकाही कागदावर नव्हतं.