आधी आपलं सांगा

"मावशी, जरा पाय दाखवा."

मंठ्याचा हॉल भरलेला होता. स्टेजवर मी उभी, शेजारी संस्थेचे साहेब. माईक साहेबांच्या हातात. ते काय म्हणतात ते मला आधी कळलंच नाही. मग ते माईक बाजूला करून हळू म्हणाले, "साखळीची खूण. लोकांना दिसू द्या."

मी लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं. उजवा पाय पुढे केला. घोट्याच्या वर काळा पट्टा आहे, तिथं कातडी पुन्हा नीट आलीच नाही. फोटोवाला गुडघ्यावर बसला आणि नुसत्या पायाचा फोटो काढला. तोंड त्याला नकोच होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीला कोपर मारलं आणि नाकाला रुमाल लावला. पायाला काय वास येत होता का? जखम जुनी, तीस वर्षांपूर्वीची.

साहेब माईकवर म्हणाले, "हिला घरच्यांनी जनावरासारखं बांधलं होतं. आज ही तुमच्यासमोर माणूस म्हणून उभी आहे."

टाळ्या पडल्या. म्हणजे आधी मी माणूस नव्हते. साहेबांनी केलं तेव्हा झाले.

मग शाल दिली, नारळ दिला. मी घेतला. नातवंडं असलेली बाई मी, भर सभेत पोटरी उघडी करून उभी राहिले आणि वर हसले. कुणी माझा हात धरला नव्हता. गोठ्यात बांधलं तेव्हा मला शुद्ध नव्हती. इथं पूर्ण शुद्धीत होते. म्हणून ते हसणं अजून जाळतं.

आता मागचं सांगते.

मी चौथी शिकलेली. वाटूरच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. वस्ती बौद्धांची, घर मोलमजुरीचं. तिसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या डोक्यात आवाज सुरू झाले. शिव्या द्यायचे. बाळाला विहिरीत टाक म्हणायचे. एक दिवस मी बाळ घेऊन विहिरीपर्यंत गेले. त्या दिवशी सासऱ्यांनी म्हशीची साखळी माझ्या पायात घातली. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. माफ केलं असं मी म्हणत नाही. सुचलं नसेल, एवढंच.

दोन उन्हाळे मी गोठ्यात होते. घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आणि सुनेला दाखवायला भूत उतरवणाऱ्या जाणत्याकडं. धूर, लिंबू, छडी. जो यायचा तो विचारायचा, कोण लागलंय हिला?

कौसाबाई धनगराची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. शेळ्या घेऊन आमच्या गोठ्यामागून जायची. एक दिवस समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काय म्हणून राह्यलंय गं?"

"कोण?"

"डोक्यातलं. मला बी बोलायचं. माझं तर माझ्या सासूच्या आवाजात बोलायचं. सासू मेली तरी सुटका न्हाई."

मी हसले. सगळ्यांनी विचारलं होतं, कोण लागलंय. काय म्हणतंय, हे कुणीच विचारलं नव्हतं.

ती जालन्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणून खात होती. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी तिनं ते सासऱ्यांसमोर उघड केलं. म्हणाली, "मी नेते हिला. पळाली तर माझ्या शेळ्या घ्या." सासऱ्यांनी शेळ्यांकडं बघितलं, मग साखळी काढली. आमच्या घरात माझी किंमत त्या दिवशी ठरली, सहा शेळ्या. पण पाय सुटला.

गोळ्यांनी आवाज खाली बसला. पूर्ण गेला नाही. अजून कधीमधी येतो. मी त्याला म्हणते, थांब, भाकरी टाकून घेऊ दे.

पुढं काही वर्षांनी आम्ही दोघींनी बैठक सुरू केली. सुरू केली म्हणजे काय, विहाराच्या अंगणात रविवारी दुपारी बसायला लागलो. कुणाला भास व्हायचे, कुणाला झोप नव्हती. दारूवाल्यांच्या बायका यायच्या, मग त्यांच्या मागं दारूवाले यायला लागले. कुणाची जात कुणी विचारली नाही. नियम दोनच. जो आला नाही त्याच्या घरी दोघांनी जायचं, दाराबाहेर बसायचं, बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. आणि दुसरा नियम, आधी आपलं सांगायचं. आपलं न सांगता दुसऱ्याला जो शहाणपण शिकवेल त्यानं घागर उचलायची, नळावरून भरून आणायची आणि सगळ्यांना पाणी पाजायचं.

एक माणूस आला. त्याला मी इथं दिगंबर म्हणते, नाव ते नाही. टेम्पो चालवायचा. पहिल्या दिवशी पिऊनच आला आणि कौसाबाईला म्हणाला, "आत्या, दारू सोडल्यानं माणूस मरतं म्हणं."

"न सोडल्यानं लई जगून राह्यला का तू?"

"आत्या, तू तुझं सांगितलं न्हाई अजून. उचल घागर."

सगळे खदखदा हसले. कौसाबाई शिव्या देत नळावर गेली. तेव्हाच मला वाटलं, हा टिकेल. पिऊनही त्याला नियम बराबर कळला होता.

दारू एकदम सोडली की झटके येतात, हे आम्ही आधी एका माणसाच्या जिवावर शिकलो होतो. म्हणून दिगंबरला आधी डॉक्टरकडं नेलं, गोळ्या सुरू केल्या, मग सोडवली. सात महिने त्यानं थेंब घेतला नाही. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यानं बैठकीत एकदा सांगितलं. आम्ही सगळ्यांनी आधी आपलं सांगितलं होतं. तो थांबल्यावर एक म्हातारा म्हणाला, "माझं बी असंच हाय." दिगंबर त्या दिवशी पोटभर जेवला.

मग साहेब आले. जुन्या जालन्यात कापड दुकानाच्या वर त्यांच्या संस्थेचं ऑफिस. बोलायला गोड. खुर्च्या दिल्या. महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात न्यायला गाडी लावली. बैठक विहारातून ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये नेली, म्हणाले, तिथं सगळे येतील. विहारात सगळे येतच होते. साहेब येत नव्हते. आम्ही दिलेलं पाणी ते पीत नव्हते, त्यांची बाटली त्यांच्यासोबत असायची. आम्हाला लाभार्थी म्हणायचे.

पहिल्याच दिवशी कौसाबाई माझ्या कानाशी लागली. "हे आपलं कवा सांगणार गं?"

मी म्हणाले, "गप बस. पाव्हणे हैत."

चूक तिथं झाली. माझ्या तोंडानं झाली.

मग ते मंठ्याचं. परत येताना गाडीत कौसाबाई म्हणाली, "शाल लई उबदार दिसती. पाय मातर गार पडला असंल." मी तिच्याशी दोन आठवडे बोलले नाही. खरं बोलली होती म्हणून बोलले नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी साहेब शहरातले पाहुणे घेऊन आले. दोन गाड्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, दिगंबरला बोलायला सांगा. त्याचं फार परिणामकारक आहे."

मी दिगंबरला म्हणाले, "बोल रे."

"आक्का, समद्याम्होरं?"

"बोल. सायेब आपलेच हैत."

तो बोलला. माझ्या शब्दावर बोलला. एक पाहुणीण मोबाइल धरून होती. त्याचं झालं आणि तो थांबला. आमच्याकडं बघत राहिला. आमच्यात अशा वेळी कुणीतरी म्हणतं, माझं बी असंच. पाहुण्यांसमोर आमच्यातल्या कुणाचं तोंड उघडलं नाही. माझंही नाही. साहेब म्हणाले, "जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

आठ दिवसांत तो व्हिडिओ गावातल्या मोबाइलमध्ये आला. मग त्याच्या सासुरवाडीत गेला. मेव्हणा आला आणि बायको-मुलीला घेऊन गेला. मुलगी दहावीला होती. त्याच संध्याकाळी दिगंबर प्याला.

रविवारी तो आला नाही. मी आणि कौसाबाई त्याच्या दाराबाहेर जाऊन बसलो. खूप वेळानं तो बाहेर आला. उभं राहता येत नव्हतं त्याला.

"आक्का, तू मला त्या सायबाला दिलंस."

एवढंच बोलला आणि दार लावलं.

मी संस्थेच्या ऑफिसात गेले. व्हिडिओ काढून टाका म्हणाले. टेबलावरचा माणूस म्हणाला, काढला आजी. त्यांच्याकडून काढला असेल. गावाच्या खिशातून कोण काढणार?

महिन्यानं साहेब पुन्हा पाहुणे घेऊन आले. दिगंबर कुठं आहे, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "मावशी, आज तुम्ही सांगा. पायाचं पण दाखवा."

मी उभी राहिले. लुगडं धरलं नाही.

"सायेब, आधी तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"तुमचं. आमच्यात आधी आपलं सांगावं लागतंय."

ते हसले. "माझं काय आहे मावशी? मी तर तुम्हाला मदत करायला येतो."

"घरात कुणी पेत न्हाई? झोप बराबर लागती? डोक्यात कवा काहीच आलं न्हाई?"

साहेबांचं हसणं थांबलं. त्यांनी हातातल्या बाटलीकडं बघितलं. काहीतरी होतं. इतकी वर्षं माणसांची तोंडं बघतेय, मला कळतं. क्षणभर वाटलं, बोलतात आता. बोलले असते तर मी त्यांच्या शेजारी बसले असते, खरंच बसले असते. पण मागून एक पाहुणा फसकन हसला. साहेब ताठ झाले.

"मावशी, आज गोळी घेतली का?"

पाहुणे हसले.

त्या पाच शब्दांत त्यांनी मला पुन्हा गोठ्यात नेऊन सोडलं. वेडी बोलली की गोळी विसरली. शहाणी बोलली तरी गोळी विसरली. आमचं बरं होणं त्यांना दाखवायला हवं होतं, ऐकायला नको होतं.

"घेतली," मी म्हणाले. "सकाळीच घेतली, पाण्यासंगं. आता ती घागर उचला. नळ बाहेर हाय. समद्याला पाणी पाजा. न्हाई तर गाडीत बसा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी घागरीकडं बघितलं, मग आमच्याकडं. ते गाडीत बसले.

दोन दिवसांनी टेम्पो येऊन खुर्च्या घेऊन गेला. हॉलला कुलूप लागलं. दवाखान्याची गाडी बंद झाली. आमच्यातलेच काही मला बोलले. एक बाई म्हणाली, "आक्का, तुझा ताठा झाला, पण आमची गाडी गेली." तिचं खोटं नाही. तिचे गुडघे गेलेत, एसटीत तिला चढवत नाही. आता आम्ही तिघं-चौघं मिळून वाटूरहून एसटी धरतो, तिला दोघी खांद्यानं वर ढकलतो. निम्मे लोक यायचे बंद झाले. उरलेले विहाराच्या अंगणात खाली बसतो.

दिगंबर आला नाही.

मी दर रविवारी त्याच्या दारात जाते. एकदा म्हणाले, "चूक माझी हाय."

तो आतून म्हणाला, "मंग मी काय करू?"

तो मला शिव्या देतो. खूप वाईट देतो. मी ऐकून घेते, त्या माझ्याच वाट्याच्या आहेत. त्याला परत डॉक्टरकडं नेऊ म्हणाले तर त्यानं चप्पल फेकली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणणार आहे. तो येईल असं मला वाटत नाही. लिव्हर सुजलंय, पाय सुजलेत. तो गेला तर साहेबांना कळणारही नाही. मला कळेल.

इथं जे लिहिलं ते माझं होतं म्हणून लिहिलं. ज्यांचं नाव घेतलं त्यांना विचारून घेतलं. कौसाबाई म्हणाली, "लिही, आता मला कुणाच्या बापाची भीती हाय?" दिगंबरनं काय सांगितलं होतं, ते मी लिहिलं नाही. लोक येऊन विचारतात, त्या माणसाचं नेमकं काय होतं हो आजी? चांगली माणसं असतात, वही-पेन घेऊन आलेली. त्यांनाही सांगत नाही. कलेक्टर आला तरी सांगणार नाही. सांगायचं की नाही, कुणाला, कुठं, ते त्याचा तो ठरवील. नाही ठरवलं तर ते त्याच्यासोबत मातीत जाईल. माझ्या तोंडून पुन्हा बाहेर पडणार नाही.