मलमवाल्या काकूंचा संशय

मलमवाल्या काकूंचा मिठावरही भरवसा नव्हता. दुकानातून आणलं की आधी जिभेवर ठेवून बघत. देवापुढे हात जोडतानासुद्धा एक डोळा किलकिला असायचा. झाडाचा वाळलेला चीक, म्हणजे राळ, तेलात उकळून त्या जखमेचं मलम करत. गल्लीत कुणाला भाजलं-कापलं की पहिली धाव काकूंच्या दाराशी.

यंदा मात्र घरातच घोडं अडलं. नवऱ्याच्या पायाचं बोट चिघळलं आणि मलम लावून लावून काळं पडत चाललं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर बोट काढावं लागेल. काकूंची नजर धाकट्या जावेवर गेली. राळेचे खडे निवडायची तीच.

"खरं सांग, चांगले खडे कुठं पाठवतेस?"

"माहेरी," जाऊ फणकारली. "तिथं त्यांची भाजी करतात."

जावेची मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. काकूंनी तिला कच्चे खडे आणि तयार मलम दिलं. पण आईला वाचवायला पोरगी काहीही सांगेल, म्हणून निकाल बघायला स्वतःच जाऊन उभ्या राहिल्या.

पुतणीनं काचेच्या दोन झाकलेल्या ताटल्या पुढे केल्या. "ही पांढुरकी साय म्हणजे जंतू. मधे औषधाची टिकली. औषध चाललं तर तिच्याभोवती जंतू वाढत नाहीत."

कच्च्या खड्यांच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण होतं. मलमाच्या टिकलीला मात्र साय अगदी चिकटून.

"ताटल्या बदलल्या नाहीस कशावरून?" काकूंनी झाकणाला हात घातला.

"मोठी आई, उघडू नकोस, जंतू आहेत ते! राळ अस्सल आहे गं. तिच्यातलं उडून जाणारं तेल जंतूंना मारतं. मागे चिकटा उरतो, त्यात एवढा दम नाही. तू उकळतेस कशी?"

"कशी म्हणजे? उघड्या कढईत. पूर्वी बारीक आचेवर व्हायचं. यंदा मोठी शेगडी घेतली, घटकेत घरभर वास सुटतो."

"तो वास म्हणजेच ते तेल."

काकूंनी झाकणावरचा हात काढून घेतला. आल्या-गेल्याला त्या वासाचं किती कौतुक सांगितलं होतं!

"आणि ताटलीत चाललं म्हणून मोठ्या बाबांच्या बोटावर चालेलच असं नाही," पुतणी हळूच म्हणाली. "आता घरचे उपाय पुरेत."

घरी जाऊ दारातच उभी होती. "सापडला का चोर?"

"सापडला. मीच." काकूंनी नवऱ्याच्या चपला पुढे सरकवल्या. "चला, ह्यांना दवाखान्यात न्यायचंय. तूही चल."

"मी कशाला?"

"डॉक्टर सांगतील ते मला एकटीला पटायचं नाही. तू ऐक, आणि खरं वाटलं तर मला सांग."