बँकॉकची वेल आणि चार पाहुणे

रोज सकाळी, ऊन गच्चीच्या कठड्यावर यायच्या आत, पद्मावती अक्का एक जुनं पोस्टकार्ड आणि चित्रकलेचा मऊ ब्रश घेऊन वर जात. गुलाबावरची, अनंतावरची, मिरचीवरची कीड ब्रशनं हळूच पोस्टकार्डावर उचलत आणि कोपऱ्यातल्या जास्वंदीवर नेऊन सोडत. त्या जास्वंदीचं नाव त्यांनी धर्मशाळा ठेवलं होतं. तिला फूल कधी आलं नाही, पानांची चाळण झालेली. पण शेणखत सगळ्यांत जास्त तिलाच.

“पावण्यांचं घर हाय,” अक्का म्हणत. “उपाशी ठेवून कसं चालंल?”

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुमजली घर. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान, माहेर कागलच्या बाजूचं. जैन घर, जीव मारायचा नाही, खोटं बोलायचं नाही, ही शिस्त त्यांनी काटेकोर पाळली. या शिस्तीच्या कडेकडेनं किती खोडसाळपणा करता येतो, याचाही त्यांनी तितकाच काटेकोर अभ्यास केला होता. कुणी झाडाची फांदी मागितली की “देईन की” म्हणत. कधी, ते सांगत नसत. खोटं बोलल्याचं पाप नाही आणि फांदीही घरात.

सुनेच्या, आदितीच्या, मोबाइलवर त्यांनी एकदा होयाची वेल पाहिली. जाड पानं, मेणाच्या चांदण्यांसारखा फुलांचा झुबका. त्यांना हवा असलेला काळपट लाल रंगाचा प्रकार बँकॉकच्या एका रोपवाटिकेत होता. तिथली बाई व्हिडिओ कॉलवर थाई बोलायची, अक्का कोल्हापुरी. एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी अर्धा तास रंगला.

“दोन पानं पिवळी पडलेलं रोप दाखवत हुती,” फोन ठेवून अक्का म्हणाल्या. “म्हटलं, बाई, ते दुसऱ्याला दे.”

परदेशातून जिवंत झाड आणायला परवाना लागतो. अर्ज आदितीनं भरला. ‘आयातीचं कारण’ या रकान्याशी ती थांबली, तर अक्कांनी मागून सांगितलं, “हौस लिव.”

वेल आली ती ओल्या शेवाळात गुंडाळून, मुळं स्वच्छ धुतलेली. शेजारच्या मदिनाभाभी बघायला आल्या. भाभींच्या नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान; दोघी बायकांच्या गच्च्या एकाच भिंतीनं वेगळ्या झालेल्या, आणि भिंत बुटकी.

“या अल्ला, हिला तर कपडे बी न्हाईत की गं, अक्का!”

“परदेशातनं माती आणायला बंदी हाय. माहेरची माती तिथंच झटकून यायचं. आपुन न्हाय का आलो तशा?”

अट अशी होती, की वेल काही दिवस बारीक जाळीच्या खोपटात, इतर झाडांपासून अलग ठेवायची. मुदत संपली की तपासणी अधिकारी येणार. वेलीवर परदेशी कीड निघाली, तर वेल तिथंच जाळायची. अक्कांनी गच्चीवर जाळी बांधली, रोज बाहेरूनच वेलीची विचारपूस केली. चार नवी पानं फुटली तेव्हा गल्लीभर राजगिऱ्याचे लाडू वाटले.

गफलत अक्कांनी स्वतःच केली. उन्हाळा तापला आणि धर्मशाळेतल्या पाहुण्यांना चटके बसतात म्हणून त्यांनी जास्वंदीची कुंडी सरकवून जाळीच्या सावलीत ठेवली. मुंग्यांना जाळीखालून रस्ता सापडला, आणि मुंग्या कीड तोंडात धरून नेतात. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी होयाच्या एका पानाखाली पांढरे, कापसाच्या बोंडासारखे ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण. चार.

“फडक्यानं पूस की,” मदिनाभाभी भिंतीवरून म्हणाल्या. “कोण बघतंय?”

“पुसलं तर मरत्यात. आणि उचलून बाहेर काढायचं तर जाळीतलं कायबी बाहेर न्यायला बंदी हाय. तशी सही केलीया मी.”

“मग त्या साहेबाला सांगणार?”

अक्कांनी थोडा विचार केला. “खोटं बोलायचं न्हाय. पण इचारल्याबिगर सांगायचं, असं कुठं लिवलंय?”

दुसऱ्या दिवशी ऋतुराज नावाचा तरुण अधिकारी आला. कीटकशास्त्राचा माणूस, गळ्यात भिंग. अक्कांनी कुंडी अशी फिरवली होती, की ते पान भिंतीकडे. साहेबाला पन्हं दिलं. पन्हं संपायच्या आत खाकरा दिला. खाकऱ्यावर चकली. एक हात कायम ताटलीत असल्यामुळे त्याची तपासणी एकाच हातानं चालली होती. भाभी भिंतीपलीकडे त्याच त्या साडीला पुन्हा पुन्हा चिमटे लावत होत्या.

“छान ठेवलीय हो वेल,” तो म्हणाला. कागद काढला, पेन उघडलं आणि कागदावरचा प्रश्न सहज वाचला, “काही कीड वगैरे आढळली?”

अक्कांनी डोळे मिटले.

“आढळली.”

पलीकडून चिमट्यांचा डबा पडल्याचा आवाज आला.

“त्या भिंतीकडच्या पानाखाली,” अक्का म्हणाल्या. “चौघं हायत.”

ऋतुराजनं वाकून भिंग लावलं. त्याचं तोंड गंभीर झालं. “आजी, ही इथली आहे की तिकडची, हे नुसतं बघून सांगता येत नाही. इथली असेल तर वेल साफ करून सोडता येईल. तिकडची असेल तर...” त्यानं खिशातून छोटी बाटली काढली. “एक नमुना न्यावा लागेल.”

“बाटलीत काय हाय?”

“अल्कोहोल.”

“दारू?” अक्का उठूनच उभ्या राहिल्या. “माझ्या दारात आलेला जीव तुमी मारणार, आणि वर दारूत बुडवून?”

“जिवंत नेता येत नाही हो. नियम आहे. आणि नमुना नाही मिळाला, तर मला वेल जाळायलाच सांगावं लागेल.”

अक्का खाली बसल्या. जैनांच्या हिशेबात झाडाला एकच इंद्रिय आणि किड्याला त्याहून जास्त, म्हणून किडा मारण्याचं पापही मोठं. किड्याचा जीव देऊन वेल वाचवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. आणि वेल जाळली तर वेलीबरोबर चौघंही जळणार. हा गुंता कुणाला विचारून सुटणारा नव्हता. त्या वेलीकडे बघत राहिल्या. चेष्टा करायचं त्यांना पहिल्यांदाच सुचत नव्हतं.

मदिनाभाभी भिंत ओलांडून आल्या. “सायेब, एक इचारू? मेलेला चालतो का?”

“म्हणजे?”

“आपोआप मेलेला. अल्लाच्या मर्जीनं.”

ऋतुराजनं डोकं खाजवलं. “चालेल. अंग शाबूत पाहिजे.”

मग जाळीत दोन बायका शिरल्या. एकीच्या हातात ब्रश, दुसरीच्या हातात साहेबाचं भिंग.

“ह्यो मेलाय, अक्का.”

“न्हाय गं. पाय हालला.”

“वाऱ्यानं हालला.”

“वारं त्येच्या एकट्यालाच लागलं व्हय?”

“मग ह्यो बघ. सकाळपासनं गप हाय.”

“ते झोपलंय. तुझा नवरा बी दुपारचा असाच असतोय.”

“माझा घोरतो तरी!”

चौघंही ठणठणीत निघाले. मग ऋतुराजच गुडघ्यावर बसला आणि कुंडीच्या काठावरचं शेवाळ उलगडू लागला. तिथं पाचवा होता. पांढरा, कोरडा, पाय आखडलेला. अक्कांनी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं. ब्रशचा एक केस त्याच्या पाठीला लावला. पुन्हा लावला. मग डोक्यावरचा पदर सारखा करून त्या पुटपुटत णमोकार मंत्र म्हणाल्या. ऋतुराज बाटलीचं झाकण हातात धरून थांबून राहिला.

“आता घाल,” त्या म्हणाल्या. “मेल्यावर दारूत घाल न्हायतर दुधात घाल.”

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत अक्कांनी कुणाची चेष्टा केली नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं, दूधवाल्यानं तर “आजी, रागावलासा काय?” असं विचारून घेतलं. शेवटी एका संध्याकाळी फोन आला. कीड इथलीच, कोल्हापूरची. वेल मोकळी.

दोघींनी मिळून जाळी सोडली. चौघा पाहुण्यांना पोस्टकार्डावर बसवून परत जास्वंदीवर पोचवलं. वेलीला अक्कांनी आपल्या हातानं पहिल्यांदा काठी दिली. दुसऱ्या दिवशी मदिनाभाभी लेकीच्या बाळंतपणाला कबनूरला गेल्या, आणि परत आल्या तेव्हा अक्का नव्हत्या. झोपेतच गेल्या होत्या. काळपट लाल झुबका आला तो पावसाळा सरल्यावर. बघायला येणारे त्याला बोट लावून प्लॅस्टिकचा आहे का, असं विचारतात.

जाळी सोडली त्या संध्याकाळी मात्र गच्चीवर दोघीच होत्या. भाभींना आणखी थोडा वेळ वेलीपाशी उभं राहायचं होतं. अक्का जिन्याशी पोचल्या होत्या.

“चल की गं खाली,” त्या म्हणाल्या. “दिवस बुडायच्या आत जेवायचं हाय, आणि मी दोडक्यात मीठ घातलं का न्हाय, तेच आठवंना.”