काडेपेट्यांचा कॉम्प्युटर

सुजाता माझ्या टायपिंग क्लासला यायची ती पिशवीभर रिकाम्या काडेपेट्या घेऊन. प्रत्येक पेटीवर एक इंग्रजी अक्षर आणि आत आकड्याची चिठ्ठी. आपला तास संपला की कोपऱ्यातल्या बाकावर ती पेट्या मांडायची आणि वहीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवून चिठ्ठ्या बदलत बसायची. हा काय खेळ, असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "थांबा सर, आत्ता मी मशीन हाय."

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. निपाणीत तेव्हा कॉम्प्युटर कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. माझ्या पुण्याच्या भाच्यानं टाकून दिलेलं प्रोग्रामिंगचं एक इंग्रजी पुस्तक क्लासमध्ये धूळ खात पडलं होतं, ते हिनं मागून नेलं. वय सोळा, नुकतीच मॅट्रिक झालेली. सकाळी आईबरोबर विड्या वळायच्या आणि दुपारी डिक्शनरी घेऊन त्या पुस्तकाशी झटायचं. कॉम्प्युटर नव्हता, म्हणून वहीत प्रोग्राम लिहून त्यातला एकेक हुकूम ती स्वतःच पाळायची; आकडे साठवायला काडेपेट्या. प्रोग्राम लिहायची नोकरी करायची, हे तिनं कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

एकदा तिची आई तणतणत क्लासमध्ये आली. "सर, पोरगी जेवायला उठंना बगा. सकाळधरनं त्या पेट्या उलट्यापालट्या करतीया." मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं, तर खरंच. म्हटलं, अगं ऊठ की! रडवेली होऊन म्हणाली, "कसं उठू सर? थांब म्हणून लिवायचंच ऱ्हायलं. मशीन आपल्या मनानं थांबतंय व्हय?" मी पोट धरून हसलो. ती मात्र वहीत ती ओळ घालूनच उठली.

पुढच्या वर्षी बेळगावातल्या एका सरकारी केंद्रात प्रोग्रामिंगचा वर्षभराचा वर्ग निघाला. कामगारांच्या मुलांना फी माफ, राहायची सोय, शिवाय पुढं नोकरीची शक्यता. सुजाता अर्जाचे दोन कागद घेऊन आली, चुकलं तर असावा म्हणून एक जादा. मी मोठ्या हौसेनं अर्ज टाईप करायला बसलो. राज्याच्या रकान्यापाशी आलो आणि सवयीनं 'महाराष्ट्र' टाईप केलं. सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेला माणूस मी. पत्रावर, पावतीवर, कुठंही दुसरं राज्य लिहायचं नाही, हा माझा नेम. आमच्याकडे असे पुष्कळजण होते.

ती हळूच म्हणाली, "सर, हितं कर्नाटक पायजे न्हवं?"

मी उसळलो. "तूसुद्धा? उद्या शाळेत मराठीसुद्धा नको म्हणशील!" तिनं खाली सही केली.

अर्ज परत आला. परराज्यातल्या उमेदवारांना प्रवेश नाही. मी पहिल्या गाडीनं बेळगाव गाठलं. तिथला कारकून कन्नड, पण भला माणूस. मराठीत म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय की हो सर. मी काय करू? यादी लागून गेली." भांडायला गेलेला मी मान खाली घालून परतलो. दुसऱ्या वर्षी तो वर्गच बंद झाला. पुढं सुजाताचं लोंढ्याकडच्या एका गावात लग्न झालं.

निपाणी महाराष्ट्रात जावी, असं मला आजही वाटतं. पण त्या पोरीचं आयुष्य ठरवणाऱ्या कागदावर माझं राजकारण टाईप करायचा मला काय अधिकार होता?

सात-आठ वर्षांनी मी क्लासमध्ये कॉम्प्युटर आणला, तेव्हा ती माहेरी आली होती. मी बोलावून घेतलं. कडेवरचं मूल माझ्याकडे देऊन ती बसली आणि चाचपडत प्रोग्रामच्या दहा-बारा ओळी टाईप केल्या. उत्तर क्षणात पडद्यावर उमटलं. "लई भरभर करतंय की," एवढंच म्हणाली.

मला राहवलं नाही. म्हणालो, "सुजाता, माझ्यामुळं तुझं वाटोळं झालं."

"तसं न्हाय सर. दुसरा कागद हुता न्हवं, त्यो मी भरला हुता. कर्नाटक लिवून. पोस्टाच्या पेटीपातूर गेलते."

"मग टाकला का नाहीस?"

तिनं मूल माझ्याकडून परत घेतलं. "तुमच्या माघारी टाकला असता, तर तुमास्नी काय वाटलं असतं?"