बरणीतला पाकट

लोणच्याची काचेची बरणी घासायला घेतली की मला फॉर्मॅलिनचा वास येतो. शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेला माझ्या वाट्याला फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेला, शॉक मारणारा छोटा पाकट आला होता. बशीएवढा चपटा मासा, डोळे मोहरीसारखे, आणि बरणी अरुंद म्हणून कडा दुमडून काचेला चिकटलेला. अंगात हाडांऐवजी कूर्चा, म्हणून तो शार्कच्या वर्गातला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वीज तयार करणारे अवयव. गण, कुळ, मी सगळं घडाघडा सांगितलं. बाहेर मामा जीप घेऊन उभाच होता. त्यानं तडक राहू गावाला, त्याच्या घरी नेलं. मामीनं साडी नेसवली आणि पाहुण्यांसमोर बसवलं. नाव, गाव, कुळी विचारून झाल्यावर मुलाची आई म्हणाली, "आज कशाची परीक्षा हुती?" मी म्हणाले, "शॉक मारणाऱ्या माशाची." सगळे हसले. "आन् त्यो अजून मारतो व्हय?" तिनं विचारलं. "न्हाई," मी खाली बघत म्हणाले, "बरणीत हाय." ती मामाकडं वळली. "पोरगी शांत हाय. पसंत हाय आमाला." ही लोणच्याची बरणी तिच्याच घरची, दर उन्हाळ्यात मीच घासते, मीच भरते, आणि झाकणही मीच घट्ट लावते.