दळवी मॅडम आणि तिरकी जाळी

माझ्या वरिष्ठ दळवी मॅडमना खुर्चीत धड बसलेलं मी कधी पाहिलं नाही. संगणकावर गणित चालू झालं की त्या ऑफिसभर फेऱ्या मारायच्या. हातातला चहा निवून जायचा. आणि उत्तर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ही रेघ पत्र्याची आहे, का तुझी?"

नवलाख उंबरे गावातल्या त्या कंपनीत आमचं काम भेगांचं. पातळ पत्र्याच्या टाकीला भेग पडली, तर ती पुढे कुठवर जाईल हे संगणकावर काढायचं. मी जवळच्याच उर्से गावचा, घरातला पहिला पदवीधर. आजही हे छाती काढून सांगतो. तेव्हा नोकरी कायम व्हायची होती आणि माझा पहिला स्वतंत्र अहवाल द्यायचा होता. एका दुधाच्या टँकरला भेग होती. माझ्या गणितात ती सरळ जाऊन मजबुतीसाठी बसवलेल्या कड्यापाशी थांबली. म्हणजे टँकर चालवायला हरकत नाही. साहेब खूश.

टँकरचे ड्रायव्हर बबनभाऊ आवारातच होते.

"जाऊ का मग घाटानं?"

"बिनधास्त जा, भाऊ."

"ब्रेक मारला की मागनं दूध आसं धडकतं, पाठीत बुक्की बसल्यावानी. आन् तुमी म्हणता न्हाई फाटायचं?"

मॅडम फेरी मारता मारता थांबल्या. "जाळी तिरकी कर. परत चालव."

संगणक पत्र्याचे बारीक चौकोन पाडतो, तीच जाळी. आमच्या पद्धतीत भेगेला वाट मिळायची ती चौकोनांच्या कडांवरूनच. माझे चौकोन सरळ होते. ते तिरके केले, तर भेगही तिरकी गेली आणि मजबुतीचं कडं ओलांडून पुढे निघाली.

मला रागच आला. "मॅडम, सोमवारी माझ्या नोकरीचं ठरणार आहे. आता साहेबांना काय सांगू?"

"तुझं सोमवारी ठरेल. बबनभाऊंचं घाटात ठरेल. त्यांना कुठल्या रेघेवर पाठवू, तेवढं सांग."

मी अहवालात 'उत्तर खात्रीचं नाही, टँकर थांबवावा,' असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, "पगार उत्तरं द्यायचा घेता ना?" मॅडमनी माझ्या सहीशेजारी आपली सही ठोकली. टाकी मोडीत निघाली आणि माझं कायम होणं लांबलं. "इंजिनेर, झालं का रं पक्कं?" असं विचारणाऱ्यांना चुकवत मी मागच्या वाटेनं घरी जायचो.

मॅडमनी नोकरी सोडली, त्या दिवशी मी गेटपर्यंत गेलो. राहवेना म्हणून विचारलं, "ती टाकी खरंच फाटली असती का हो?"

हेल्मेटचा पट्टा लावत त्या म्हणाल्या, "काय माहीत! मोडीत गेली ना ती."

"म्हणजे माझं पहिलं उत्तर बरोबरही असेल?"

"असेलही."

"मग?"

"मग काय? काल सोमाटण्याला बबनभाऊ भेटले. नवी गाडी, नवा हॉर्न. मला बघून इतका वाजवला, इतका वाजवला, अजून कानांत दडे बसलेत माझ्या."